कोंबडाचाल

"डॉक्टरबाई, आमच्या गावातले पुरुष कोंबड्यासारखे का चालतात?"

तोंड माझं होतं, पण प्रश्न माझ्या मैत्रिणींचा, एलिसो आणि खातुनाचा. पैज लागली होती. मी गप्प बसले असते तर महिनाभर खातुनाचं दप्तर मला वाहावं लागलं असतं, आणि तिच्या दप्तरात पुस्तकं कमी अन् अक्रोड जास्त असतात. शिवाय आता मला कशाचीच भीती वाटत नव्हती. गेल्या वर्षापर्यंत हजेरी देताना माझा आवाज पहिल्या बाकापर्यंत पोचायचा नाही. यंदा कुताइसीला पाठांतराच्या स्पर्धेत पहिली आले आणि जीभ जी सुटली ती सुटलीच. आई म्हणते, "तेकले, तुझ्या तोंडावर बसेल असं झाकण कुठे मिळतं ते सांग, आत्ता जाऊन आणते."

तर त्या दिवशी शाळेत राजधानीहून, तिबिलिसीहून, मेंदूच्या डॉक्टर आल्या होत्या. नानुली त्यांचं नाव. पांढरे केस, सपाट बूट, हातात प्लास्टिकचा मेंदू. तो मेंदू उघडून दाखवताना त्यातला एक तुकडा खाली पडून खुर्च्यांखाली गेला तेव्हा आम्ही जरा जागे झालो, एरवी सगळे पेंगत होतो. माझ्या प्रश्नावर मात्र सभागृह खदखदून हसलं. मुख्याध्यापिका लाल झाल्या.

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "कोंबड्यासारखे म्हणजे कसे? वर ये. चालून दाखव."

मग काय! मी वर गेले. टाचा उचलल्या, कोपरं वाकवून अंगाशी घेतली, छाती पुढे, पाठ ताठ, आणि नुसत्या चवड्यांवर टक, टक, टक. पुन्हा हशा. आणि मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "अरे, हा तर ओतिया!"

आता मात्र बाकं बडवली गेली. ओतिया म्हणजे माझे वडील.

मीही हसले. दुसरं काय करणार? क्रशरवरची माणसं अशी चालतात हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे, आणि का चालतात तेही सगळ्यांना माहीत आहे. पितात म्हणून.

डॉक्टरबाई माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "ओतिया तुझे कोण?"

"बाबा."

"काम कुठे करतात?"

"मँगनीजच्या क्रशरवर. दगड फुटतात तिथे."

"हसतात का?"

हा काय प्रश्न झाला! "डॉक्टरबाई, ते तमादा आहेत," मी म्हटलं. ज्याच्या शब्दाशिवाय मेजवानीच्या मेजावर कुणी पेल्याला ओठ लावत नाही, जो एका दमात मेलेल्यांसाठी रडवतो आणि दुसऱ्या दमात जिवंतांना हसवतो, त्या माणसाबद्दल विचारायचं की हसतो का? पण बोलता बोलता मला आठवायचा प्रयत्न करावा लागला. बाबा शेवटचा कधी हसला होता? द्राक्षं तोडताना? नाही. इस्टरला? नाही.

"घरी गेलीस की त्यांना उलटं चालायला सांग. मागे मागे. आणि जवळ उभी राहा," त्या म्हणाल्या. "पकडायला."

त्यांनी मला आपला फोन नंबर दिला. पैज मी जिंकले होते, पण खातुनाला माझं दप्तर वाहायला द्यायचं मी विसरूनच गेले.

---

आमचं घर वर, पठारावर. दोरावर लोंबकळणाऱ्या डब्यातून वर जाताना खाली क्विरिला नदी दिसते, नेहमीसारखी काळी. डबा चालवणाऱ्या मावशी मला म्हणाल्या, "सकाळी तुझ्या बापाला हाताला धरून उतरवलं गं. इतक्या सकाळी?" झाकण बसलं होतं तोंडावर, अगदी फुकट.

बाबा द्राक्षाच्या मांडवाखाली बसला होता. कुर्शा, आमचा कुत्रा, पायाशी. बाबाच्या पुढ्यात राजम्याचं वाडगं होतं आणि चमचा वाडग्याच्या काठावर टकटक वाजत होता.

"आलीस बाबा?" तो म्हणाला. आमच्याकडे वडील लेकराला बाबाच म्हणतात आणि आई लेकराला आई. जे नाव आपण त्यांना देतो तेच ते आपल्याला परत देतात. लहानपणी मला वाटायचं, जगात सगळीकडे असंच असतं.

"बाबा, ऊठ ना. एक खेळ आहे. उलटं चालायचं."

"का गं बाबा?"

"शाळेत दिलाय."

तो उठला. माझ्यासाठी तो कशालाही उठतो. एक पाऊल मागे टाकलं. दुसरं टाकता टाकता आख्खा माणूस तोडलेल्या झाडासारखा मागे कोसळला. हातसुद्धा पुढे-मागे केले नाहीत त्यानं. मी बाही धरली, बाही फाटली, आणि मक्याच्या कणसांची टोपली मध्ये आली म्हणून डोकं वाचलं.

आई स्वयंपाकघरातून धावत आली. हातात पीठ. "घ्या! आता दिवसाढवळ्या! पोरीसमोर!"

"लामारा," बाबा जमिनीवरूनच म्हणाला, "यंदाची दारू जरा कडक झालीय."

आवाज इतका बारीक की जणू पोत्यातून बोलतोय. आणि चेहरा! पडल्यावर माणूस ओशाळतो, चिडतो, निदान डोळे तरी मिचकावतो. बाबाच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. धुतलेल्या पाटीसारखा चेहरा.

मी त्याला उठवत होते, माझं नाक त्याच्या तोंडापाशी होतं. वास राजम्याचा होता, लसणाचा होता. दारूचा नव्हता.

---

"वास नव्हता," मी आईला सांगितलं. बाबा दुसऱ्या दिवशी कामावर गेला होता. आई ओसरीवर त्याचं जाकीट झटकत होती, रोजच्यासारखी, आणि काळी भुकटी उडून तिच्या वाळत घातलेल्या चादरींवर बसत होती.

"वास!" आई म्हणाली. "तुझे आजोबा कोथिंबिरीची जुडी चावून यायचे घरी. वास लपवणं आम्हाला नको शिकवू. खोबी गावातल्या त्या लग्नात काय झालं ते पाहिलंस ना? रानबोकडाचं शिंग दारूनं भरून हातात दिलं, आणि यानं ते सगळं नवरीच्या बापाच्या अंगावर ओतलं. त्या दिवसापासून कुणी बोलावतं का तमादा म्हणून? मेजावर बसायच्या आधीच चढलेली असते, म्हणतात लोक. मी तोंड कुठे लपवू?"

"पण पितो कधी? कुठे?"

आईनं अंगणाच्या कोपऱ्यातल्या तळघराकडे बोट केलं. तिथे जमिनीत पुरलेले आमचे दोन रांजण. एक रोजचा, त्याच्या झाकणाला कुलूप आणि किल्ली आईच्या गळ्यात. दुसरा नव्या दारूचा, वर दगडी झाकण आणि झाकणावर ओल्या मातीचा लेप. तो वसंतात उघडायचा, पाहुणे बोलावून.

"त्यातून पितो," आई म्हणाली. "झाकण काढतो, पितो, आणि परत लेप लावतो. त्याच्यासारखा लेप या पठारावर कुणाला जमतो? बोटाचा ठसा उठत नाही."

"मग उघडून बघू."

आई माझ्याकडे बघत राहिली. रांजण उघडणं हा घरच्या पुरुषाचा मान. बाईनं उघडला तर दारू आंबते म्हणतात. आणि एकदा उघडला की आठवड्याच्या आत पाहुणे जेवायला यायलाच हवेत, नाहीतर आंबतेच, मग बाई असो की बुवा.

"आई, तू रोज त्याला दारुडा म्हणतेस," मी म्हटलं. "एकदा बघ तरी."

तिनं कुदळ घेतली. पहिला घाव भीत भीत घातला, पुढचे रागानं. लेप फुटला. आम्ही दोघींनी मिळून दगड सरकवला.

रांजण काठोकाठ भरलेला होता. इतका की आमचे दोन चेहरे त्यात वाकून आम्हालाच बघत होते. कडेला दारूची एक रेघसुद्धा खाली उतरलेली नव्हती.

मला वाटलं आई आनंदानं रडेल. ती फुटलेल्या मातीत बसली आणि तिनं पदरासारखा एप्रन तोंडावर ओढला.

"रिकामा का नाही गं हा?" ती म्हणाली. "देवा, प्यायला असता तर! मी शिव्या दिल्या असत्या, चर्चमध्ये नेऊन शपथ घातली असती, किल्ल्या गिळून टाकल्या असत्या. आता काय करू मी?"

---

त्या संध्याकाळी आईनं बाबापुढे सुरई ठेवली. बाबानं पेल्यातला रंग पाहिला. नव्या दारूचा रंग त्याला न ओळखता यावा, असं कसं होईल?

"कुणी फोडला?"

"मी," आई म्हणाली. मी तोंड उघडणार होते, तिनं मेजाखालून माझा पाय दाबला.

बाबानं वाजणारा चमचा खाली ठेवला. मग तो बोलायला लागला, आणि आम्हाला दोघींना पुढे वाकून ऐकावं लागलं.

"द्राक्षं तोडायच्या आधीच सोडली. एक घोट घेतला की पाय आणखीच ऐकेनात. आधी हात. मग पाय. मग तोंड. आतून हसतो मी, लामारा. बाहेर येत नाही."

"मग सांगितलं का नाहीस? दारू कडक झाली म्हणे!"

"दारुड्याला लोक हसतात. आजाऱ्याला कारण विचारतात."

"मग सांगायचं कारण!"

"कारण सांगितलं तर जुंबेरलाही सांगावं लागेल."

जुंबेर हा माझा मामा, आईचा धाकटा भाऊ. बाबानंच त्याला क्रशरवर लावला. गेल्याच वर्षी.

"मास्क होते आमच्याकडे," बाबा म्हणाला. "मी काढला. मास्कमधून काय बोलणार? क्रशर गरजतंय, धूळ उडतेय, पोरं कंटाळलेली. मी वर चढून उभा राहायचो आणि पाण्याच्या पेल्यावर भाषण ठोकायचो. सासवांच्या नावानं, फोरमनच्या गाढवाच्या नावानं. हसून हसून लोळायचे. हसायला त्यांनीही मास्क काढले. मग कुणीच घालेना. तमादा घालत नाही, तर आपण कशाला घालायचा?"

मी उठले आणि डॉक्टरबाईंना फोन लावला.

---

डॉक्टरबाईंनी कुताइसीच्या इस्पितळात बोलावलं, त्याही तिथे येणार होत्या. बाबा आला तो आईमुळे. तिनं काही समजावलं नाही. त्याचा लग्नातला कोट काढला, बटणं लावली, कारण त्याच्या बोटांना ती लागत नव्हती, आणि म्हणाली, "चल."

यंत्रात डोकं घालून झाल्यावर नानुलीबाईंनी पडद्यावर बाबाचा मेंदू दाखवला. करडा सगळा, आणि खोल मधोमध, दोन्ही बाजूंना एक एक पांढरा डाग. चांगला उजळ.

"हे मँगनीज," त्या म्हणाल्या.

"पांढरं?" मला राहवेना. "आमच्याकडे काळं असतं. चादरींवर बसतं ते काळंच असतं."

"चित्रात पांढरं दिसतं. श्वासातून रक्तात गेलं, रक्तातून इथे." त्यांनी खुर्ची बाबाकडे वळवली, माझ्याकडे नाही, आणि ते मला आवडलं. "ओतिया, तुमच्या मेजावर कामं कशी वाटलेली असतात?"

"पाहुणे बसतात," बाबा म्हणाला. "पेला भरणारा पेले भरतो. बायका वाढतात, उष्टं काढतात. दारात कुत्रा."

"मेंदूतही तसंच. हालचाल घडवणाऱ्या, बोलणाऱ्या, हसणाऱ्या पेशी म्हणजे पाहुणे. त्यांची उठबस करणाऱ्या पेशी वेगळ्या, त्यांना ग्लिया म्हणतात. काही ग्लिया वाढतात आणि उष्टं काढतात. काही राखण करतात, कुत्र्यासारख्या. मँगनीज आत शिरलं की राखण करणाऱ्या चवताळतात. जळजळ होते, सूज येते. वाढणाऱ्याही मग काम टाकतात, उष्टं साचतं, आणि साचलेलं उष्टं म्हणजे विषच. शेवटी मार खातात ते पाहुणे."

"आमचा कुर्शा!" मी ओरडलेच. "मागच्या हिवाळ्यात खुराड्यात कोल्हा शिरला, तर कुर्शानं आमच्याच कोंबड्या फाडल्या!"

"आणि कोल्हा पळून गेल्यावर?"

मी आठवलं. "तरी फाडतच होता. आईनं बादलीभर पाणी ओतेपर्यंत."

"तेच," नानुलीबाई म्हणाल्या. "फरक एवढाच, माझ्याकडे बादली नाही. थोडी औषधं आहेत, त्यांचा थोडाच उपयोग होतो, कधी होतही नाही. मेलेल्या पेशी परत येत नाहीत. धुळीतून बाहेर पडलात तर आग कदाचित मंदावेल. आतच राहिलात तर ती मंदावणार नाही, एवढं नक्की."

बाबानं एकच प्रश्न विचारला. "आवाज?"

त्यांनी चष्मा पुसला. "आणखी बारीक होईल."

"आणि जो नवा आहे?" मी विचारलं. आई माझ्याकडे बघत नव्हती, खिडकीबाहेर बघत होती. "वर्षभरच झालंय ज्याला?"

"त्याला आज बाहेर काढलं तर त्याचं बरंच वाचेल."

येताना बसमध्ये बाबा खिडकीशी बसला होता आणि काचेत त्याचा चेहरा बाहेरच्या डोंगरांइतकाच स्थिर होता.

---

रांजण उघडला होता, म्हणून पाहुणे रविवारी येणारच होते. जुंबेरमामा, त्याची बायको, आणि क्रशरवरची सगळी माणसं. दुसऱ्या कुणाला बोलावलं आणि त्यांना नाही, असं आमच्या घरात होत नाही.

शनिवारी आई अक्रोड कुटत होती. मी वांगी भरत होते, म्हणजे निम्मी भरत होते आणि निम्मी खात होते. बाबा आला आणि उभ्याउभ्याच म्हणाला, "उद्या कुणाला काही सांगायचं नाही. दारूच म्हणायचं. सोमवारी मी कामावर जाणार."

"आणि माझा भाऊ?" आई म्हणाली. बत्ता थांबला नाही, उलट जोरात पडायला लागला.

"त्याला मी सांगेन. नंतर."

"कधी नंतर? तोही कोंबड्यासारखा चालायला लागल्यावर?"

"मेजावर तमादानं रडगाणं गायचं नसतं, लामारा."

"तमादा!" आई म्हणाली. पण तिनं गिळलेलं वाक्य आम्हा तिघांनाही ऐकू आलं.

बाबा वळून तळघरात गेला. वळायलाही त्याला वेळ लागतो आता, घड्याळाच्या काट्यासारखी छोटी छोटी पावलं टाकत वळतो. थोड्या वेळानं मी सुरई भरायच्या निमित्तानं मागे गेले.

तो रांजणाच्या काठाशी उभा होता. पेला पाण्याचा होता. दोन्ही हातांनी धरला होता तरी पाणी मनगटावरून ओघळत होतं. मेलेल्यांच्या नावानं पेला उचलताना म्हणायचं ते तो म्हणत होता, आजोबांची नावं, पणजोबांची, खाणीत गेलेल्यांची. शब्द सगळे जागच्या जागी होते, एकही चुकला नाही. मी लहानपणी मेजाखाली बसून ऐकलेले, मला तोंडपाठ असलेले शब्द. फक्त ते उंबऱ्यापर्यंत पोचत नव्हते. मी तीन पावलांवर उभी होते आणि ओठ बघून ओळखत होते.

मला गेल्या वर्षीची मी आठवले. हजेरी, आणि पहिल्या बाकाशीच मरणारा आवाज. माझा आवाज वाढला त्याच वर्षी त्याचा उतरला. कुणी कुणाचा घेतला नव्हता, हे मला कळतं. मला नानुलीबाईंनी चित्र दाखवलं आहे. पण आमच्या घरात सध्या एकच मोठा आवाज होता आणि तो माझ्या गळ्यात होता.

मी मागे फिरले नाही. बाबाच्या हातातून पेला घेतला, त्याचा हात धरला, आणि त्याला ओसरीवर आईसमोर आणून बसवलं. आईनं बत्ता खाली ठेवला. कुर्शानं कान टवकारले.

"उद्या तमादा मी होणार," मी म्हटलं.

"मुली तमादा होत नाहीत," आई म्हणाली, सवयीनं.

"बायका रांजणही फोडत नाहीत."

बाबा माझ्याकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावरून काही कळायची सोय राहिलेली नाही, म्हणून मी त्याच्या हाताकडे बघत बोलले. तो माझ्या हातात थरथरत होता आणि त्यानं तो काढून घेतला नव्हता.

"बाबा, तू माझ्या शेजारी बसशील. तू हळू म्हणशील, मी मोठ्यानं म्हणेन. मेलेल्यांचा पेला तुझाच, शब्द तुझेच, मी एकही बदलणार नाही. पण पहिल्या पेल्याआधी मी माझं बोलणार. तू गेल्या द्राक्षांपासून थेंबही प्यायला नाहीस हे सांगणार. मास्कचं सांगणार. पांढऱ्या डागांचं सांगणार. सोमवारी तू क्रशरवर जाणार नाहीस हेही तिथेच सांगणार, सगळ्यांच्या देखत, म्हणजे तुला मागे फिरता येणार नाही. आणि मग क्रशरवरच्या एकेका माणसाला, जुंबेरमामाला सगळ्यात आधी, या ओसरीवर उलटं चालायला लावणार. आई एका बाजूला उभी राहील, मी दुसऱ्या. पकडायला."